हर्णैचा बांगडा, दापोलीचा बन

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हर्णैहून मासळी घेऊन परतताना अप्पांनी आणि मी दापोलीत थांबून बर्गर खाल्ला, हे आमच्या चिपळूणच्या घरी अजूनही कुणाला धड पटलेले नाही. गाडीच्या डिकीत बर्फात ठेवलेले बारा बांगडे असताना माणूस बाहेर बसून, पैसे मोजून, पुन्हा बांगडाच खातो, हा प्रकार आमच्या घराण्यात त्याआधी घडलेला नव्हता.

सुरुवात बंदरावरच झाली. दुपार कलली की हर्णैच्या वाळूवर लिलाव सुरू होतो. मोठ्या होड्या पाण्यात उभ्या असतात, बैलगाड्या चाकांच्या आसापर्यंत पाण्यात शिरून मासळी काठावर आणतात, समोर सुवर्णदुर्ग असतो आणि त्याच्याकडे पाहायला कुणालाही सवड नसते. आम्ही लिलावात पडत नाही; लिलावात माल उचललेल्या बायका थोड्या अंतरावर वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घेतो. तिथे आमच्या शेजारी तिशीतला एक तरुण उकिडवा बसून बांगडे निवडत होता. प्रत्येकाचे पोट अंगठ्याने दाबून पाहायचा, कल्ला उचलून आतला रंग पाहायचा, आणि मोठे बांगडे बाजूला सारून मध्यम तेवढे घ्यायचा. अप्पांना हे खटकले. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांत मोठा बांगडा हेरण्यात धन्यता मानलेली आहे.

"अरे, तो मोठा का सोडतोस?" त्यांनी विचारले.

"काका, मला तळायला नकोत. बर्गरला हवेत. मध्यम घेतले की प्रत्येक टिक्कीत किती मासा जाणार त्याचा हिशेब बसतो."

"बांगड्याचा बर्गर?" हे अप्पांनी अशा सुरात विचारले, की जणू त्याने पुरणपोळीत जवळा घालतो असे सांगितले असावे. तरुण हसला आणि दापोलीत कृषी विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले दुकान आहे, सहानंतर या, एवढेच म्हणाला.

आम्ही गेलो ते खाण्यासाठी नव्हे, खात्री करून घेण्यासाठी. दुकान म्हणजे एक गाळा, चार टेबले आणि भिंतीवर माणसाच्या उंचीचा एक आरसा. हा आरसा तिथे कशासाठी, असे मला वाटले. पूर्वी त्या गाळ्यात शिंप्याचे दुकान होते असे नंतर कळले. आरसा काढला तर गिलावा निघेल म्हणून तो तसाच ठेवलेला आहे, त्यामुळे बर्गर खाताना आपण कसे दिसतो ते तिथे प्रत्येकाला पाहावेच लागते. तोंडाचा आ करून, कोपर टेबलावर टेकवून, हनुवटीवरून चटणी ओघळत असलेले आपलेच ध्यान पाहणे हा काही सुखाचा अनुभव नाही.

मालकाने पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात सहा वर्षे काढली होती. 2020 साली टाळेबंदीत तो गावी आला आणि त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने त्यांची सुपारीची बाग आडवी केली. सुपारीचे नवे रोप लावले तर हाती फळ यायला पाच-सात वर्षे जातात, तोपर्यंत घर कशावर चालवायचे, हा प्रश्न त्या वर्षी दापोली तालुक्यात घरोघरी होता. त्याने गाळा घेतला. गिऱ्हाईक होते ते विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या, रोज मेसचे जेवण जेवून कंटाळलेल्या त्या मुलांना रात्री आठ वाजता बर्गर हवा असतो, आणि त्यांच्यामुळेच दुकानाने पहिले वर्ष काढले. हे सगळे त्याने तव्यावर बन भाजता भाजता चार वाक्यांत सांगितले. अप्पांनी मात्र तासभर विचारपूस करून बागेत किती झाडे होती इथपर्यंत माहिती काढली.

आता बनाबद्दल. बर्गर म्हणजे आतली टिक्की, असा आपला समज असतो आणि बन हा टिक्की धरण्यापुरता असतो असे आपण मानतो. मी स्वतः असेच मानत होते. आपल्याकडचा पाव लादीत भाजतात. गोळे एकमेकांना चिकटून फुगतात, म्हणून एक पाव तोडला की त्याच्या चारही बाजू उघड्या, कापसासारख्या राहतात. मिसळीचा रस्सा शोषून घ्यायला हे उत्तम, वड्याच्या कोरड्या चटणीलाही चालते, परंतु रसाळ टिक्की आणि ओली चटणी आत घातली की पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. बर्गरचा बन सुटा भाजावा लागतो, म्हणजे त्याला सगळीकडून साल येते. आणि त्याच्या पिठात दूध, थोडी साखर आणि लोणी असावे लागते, म्हणजे ती साल मऊ राहूनही ओल अडवते.

पहिल्या महिन्यात मालक शहरातून प्लास्टिकच्या पिशवीत येणारे तयार बन आणत असे. ते आठवडाभर मऊ राहत, पण त्यांना कसली चव नव्हती आणि एसटीच्या पार्सलातून येताना अर्धे चेपत. मग तो गावातल्या बेकरीवाल्या भाईंकडे गेला. त्यांच्याकडे लाकडाची भट्टी आहे, आणि खारी, बटर, नानकटाई असा त्यांचा पिढीजात धंदा आहे. त्यांना चहात बुडवायचा गोड बन येत होता. त्यातली साखर कमी करायची, टुटीफ्रुटी काढून टाकायची आणि गोळा थोडा चपटा ठेवायचा, एवढेच करून पाहू असे ठरले. पहिले काही घाणे फुकट गेले. कधी बन चेंडूसारखा वर आला, कधी बूड करपले. शेवटी भाईंनी तो पाव काढल्यानंतर, भट्टीचा पहिला जोर उतरला की, तिच्या मागच्या कडेला लावायला सुरुवात केली, आणि बन जमला. आजही रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांचा मुलगा सायकलवर पाट्या घेऊन येतो. पन्नास बन येतात आणि पन्नास संपले की दुकान बंद होते, मग बाहेर कोणी का उभा असेना.

माझ्या पुढ्यात आलेला बन मी आधी नुसताच उघडून पाहिला. वर थोडे तीळ होते, कापलेली बाजू तव्यावर लोण्यात भाजून सोनेरी केलेली होती आणि तिच्यावर बोट फिरवले की टोस्टसारखा खरखरीत आवाज येत होता. हा भाजलेला थर फक्त चवीसाठी नसतो, तो चटणीला आत मुरू देत नाही. खालच्या बनावर ओल्या खोबऱ्याची, हिरव्या मिरचीची आणि लसणीची घट्ट वाटलेली चटणी होती, तिच्यावर टिक्की, आणि टिक्कीवर गडद गुलाबी रंगाच्या कांद्याच्या चकत्या. बीट असावे असे मला वाटले, पण ते बीट नव्हते. कांद्याच्या पातळ चकत्या कोकमाच्या आगळात तासभर मुरत ठेवल्या होत्या. आगळ खारटच असते, त्यामुळे वेगळे मीठ लागत नाही. कांद्याचा उग्रपणा निघून जातो, पण त्याचा करकरीतपणा राहतो. बर्गरमध्ये लोणच्यातली काकडी जे काम करते ते, म्हणजे तेलकटपणा मोडण्याचे काम, इथे हा कांदा करीत होता, आणि माझे मत विचाराल तर अधिक चांगले करीत होता.

टिक्की घरी होते. मालकाच्या पत्नीचे माहेर मालवणकडचे. वहिनी बांगडे हळद-मीठ लावून वाफवतात, मग सासू-सुना दोघी ताटे घेऊन बसतात आणि काट्यापासून मांस सोडवतात. यात खरा वेळ जातो. बांगड्याचा मधला काटा अखंड निघून येतो, पण पोटाकडचे बारीक काटे चिमटीने शोधून काढावे लागतात. वाफवलेल्या माशाला चिकटपणा उरत नाही, नुसता दाबला तर तो तव्यावर विखुरतो, म्हणून त्यात भिजवलेले जाडे पोहे आणि थोडा उकडलेला बटाटा असतो. मसाला मालवणी, पण हात राखून घातलेला. वरून रवा आणि तांदळाचे पीठ, आपण तळलेल्या तुकडीला लावतो तसे. आणखी एक गोष्ट होती, जी मला दुसऱ्या घासाला जाणवली आणि ओळखता येईना, म्हणून मी तिसरा घास डोळे मिटून खाल्ला: जिभेच्या टोकाला किंचित मुंग्या आणणारे, लिंबाच्या सालीच्या जवळ जाणारे काहीतरी.

"तिरफळ," आतून वहिनी म्हणाल्या. त्या दारातून बहुधा माझ्याकडेच पाहत असाव्यात. "आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात घालतात ना, तेच. बी काढायची, साल भाजायची आणि चिमूटभर पूड. जास्त झाली की कडू लागते."

दापोलीकडे तिरफळ फारसे कोणी वापरत नाही, त्यामुळे अप्पांना ते नवे होते. त्यांनी ते मान्य केले नाही. "मसाल्यात काहीतरी निराळे आहे" एवढ्यावर भागवले. मात्र काटा निघेल म्हणून पहिले चार घास अगदी सावकाश, गालात फिरवून खाणारा हा माणूस पाचव्या घासापासून मुकाट खाऊ लागला, आणि अप्पा जेवताना मुकाट झाले याचा अर्थ आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

बांगडा का, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी दुसऱ्या एका बर्गरने दिले. तुलना करावी म्हणून मी चिकनचाही मागवला होता. तो वाईट नव्हता, पण कोरडा होता. कोंबडीचा खिमा आतपर्यंत पुरता शिजवावाच लागतो, मधले तापमान 74 अंश सेल्सिअसपर्यंत गेले पाहिजे असा दंडक आहे, आणि छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसल्यामुळे तेवढे शिजेपर्यंत त्यातला रस निघून जातो. अमेरिकेत बर्गर गोमांसाचा असतो आणि त्यासाठी मुद्दाम पाचवा हिस्सा चरबी असलेला खिमा घेतात. सगळा रसाळपणा त्या चरबीचा असतो. 1996 साली मॅकडोनाल्ड्सने दिल्लीच्या वसंत विहार भागात भारतातले आपले पहिले दुकान उघडले ते गोमांस वगळूनच, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बर्गरांत ती चरबीची जागा बहुतेक वेळा मेयोनीज आणि चीज यांनी भरून काढलेली असते. बांगड्याला अशा उसनवारीची गरज पडत नाही. तो मुळातच तेलाचा मासा आहे, पोह्यांनी ते तेल धरून ठेवले होते, आणि टिक्की मोडली की आत ओलसर चकाकी दिसत होती. सुरमई महाग आणि मानाची खरी, पण तिची टिक्की केली तर ती चिकनच्याच वाटेने जाईल, असे मालकही म्हणाला. त्याने ती करून पाहिली होती आणि पैसे घालवले होते.

चीजबद्दल आमचा थोडा वाद झाला. फळ्यावर "चीज घालून वीस रुपये जास्त" असे लिहिलेले होते आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी ते बांगड्यावर घालून घेतले होते. मी मालकाला म्हटले, "दादा, हे तुम्ही करू कसे देता?" तो म्हणाला, "ताई, मुलांना तार ओढून फोटो काढायचा असतो. वीस रुपये त्या तारेचे आहेत." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. कोकमाच्या आंबटपणावर चीजचा खारट, मऊ थर बसला की दोन्हींची माती होते, हे माझे मत मी राखून ठेवले.

फ्रेंच फ्राइजची तक्रार मात्र मी स्पष्ट करते. त्या गोठवलेल्या पाकिटातून येतात, आणि त्या संध्याकाळी दोनदा लाईट गेली होती, म्हणजे फ्रीजरमध्ये त्या एकदा सैल होऊन पुन्हा गोठल्या असणार. पुढ्यात आल्या त्या बाहेरून कडक आणि आतून पाणचट होत्या. त्याच टेबलावर फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची बरणी ठेवलेली होती, दहा रुपयांना मूठभर, आणि तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. बर्गरबरोबर फ्राइज हव्यात असे गिऱ्हाइकाने कुठेतरी पाहिलेले असते, म्हणून दुकानदार त्या ठेवतो, आणि दुकानात आहेत म्हणून गिऱ्हाईक त्या मागवते. दुकानातल्या ज्या ज्या वस्तू "बर्गर म्हटला की हे पाहिजेच" म्हणून आलेल्या होत्या त्याच फसल्या होत्या, असे माझे त्या दिवसाचे निरीक्षण आहे.

अप्पांचा शेवटचा आक्षेप तात्त्विक होता. वडापाव असताना हा खटाटोप कशाला? पाव तरी आपला कुठला, पोर्तुगीजांनी आणलेला, शब्दसुद्धा त्यांचाच, असे मी म्हटले. बर्गरचे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून पडले आणि तो वाढला अमेरिकेत, तसेच हे. "पण वडापावाला दोन हात लागत नाहीत," अप्पा म्हणाले. हे मात्र खरे आहे. बांगड्याचा बर्गर एका हाताने खाता येत नाही आणि शेवटच्या दोन घासांना टिक्की मागून सटकतेच. बिल झाले चारशे दहा रुपये, त्यात दोन पेले सोलकढीचे. निघताना अप्पांनी चार टिक्क्या बांधून मागितल्या. "पाव नको," ते म्हणाले. त्या रात्री त्यांनी त्या आमटी-भाताबरोबर खाल्ल्या, आणि डिकीतले बांगडे आईने काही न बोलता साफ करून ठेवले. ते न बोलणे पुढे दोन दिवस चालले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आंब्याची कलमे घ्यायला विद्यापीठाच्या रोपवाटिकेत जाणे झाले, तेव्हा परतीच्या वाटेवर गाडी कुणी न सांगता त्या रस्त्याला वळली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हंगाम, शिवाय समुद्र खवळलेला. होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात आणि हर्णैच्या त्या वाळूवर या दिवसांत लिलाव नसतो. फळ्यावर बांगड्याच्या ओळीवर खडूने आडवी रेघ मारलेली होती. बर्फातला किंवा बाहेरच्या राज्यातला मासा आणून दोन महिने रेटता आले असते, तसे त्याने केले नव्हते. त्याच्या जागी दोन नव्या ओळी होत्या: फणसाची कुयरी, आणि सोडे.

कुयरी म्हणजे कोवळा फणस. ती उन्हाळ्यात वहिनींनी चिरून, उकडून ठेवलेली होती, आणि तिची टिक्की बरी होती. तंतू असल्यामुळे दाताखाली काहीतरी चावल्याचे समाधान मिळते, एवढेच. सोड्यांची गोष्ट वेगळी. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. ते कोमट पाण्यात भिजवून, लसूण आणि मालवणी मसाल्यावर परतून, बटाट्यात मिसळलेले होते, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी होते त्या सोडे-बटाट्याच्या भाजीलाच आकार दिलेला होता. सोडे महाग असतात, म्हणून हा बर्गर बांगड्यापेक्षा चाळीस रुपयांनी जास्त होता आणि टिक्की थोडी लहान होती. वाळवणाचा तो खारट, उन्हाचा वास, बाहेर धो धो पाऊस, आणि वर तोच गुलाबी कांदा. मला तो बांगड्याहून सरस वाटला, हे लिहिताना आपण फितूर झाल्यासारखे वाटते, पण खरे आहे ते आहे.

बर्गर मात्र लगेच मिळाला नाही. सरपण भिजल्यामुळे भाईंची भट्टी उशिरा तापली होती आणि पाचचे बन पावणेसात वाजता आले. आम्ही पावणेदोन तास त्या आरशासमोर बसून राहिलो, कलमे गाडीत होती, आणि विद्यार्थ्यांची रांग छत्र्या घेऊन दारापर्यंत गेली होती. मालक चारदा येऊन माफी मागून गेला. शेवटी भाईंचा मुलगा सायकल ढकलत आला. पाट्यांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुने पोते, आणि पोत्याखालून वाफेबरोबर ताज्या पावाचा वास. अप्पा उठून उभे राहिले. बर्गर यायच्या आधीच त्यांनी एक नुसता बन मागून घेतला, तो तोडून चहात बुडवून खाल्ला, आणि मग हिशेबाच्या टेबलाजवळ जाऊन सहा बन बांधून द्यायला सांगितले.

"आणि टिक्की किती काका?" मालकाने विचारले.

"टिक्की नको," अप्पा म्हणाले.

मागच्या रांगेतल्या एका मुलाने मोठ्याने, अप्पांना ऐकू जाईल असा, उरलेल्या बनांचा हिशेब करायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही पैसे दिले आणि निघालो.